डावं मागचं चाक

रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर आपल्या गाडीच्या चाकातून धूर निघू नये. कणसंवाल्यांना वाटतं, नवा माणूस धंद्यात उतरला.

सिंहगड उतरून येत होतो. डावं मागचं चाक धुमसत होतं, उजवं मात्र गार. बघताबघता मंडळी जमली. ‘‘हँडब्रेक ओढलेला राहिला असणार,’’ असं म्हणत प्रत्येक जण खिडकीतून आत डोकवायचा आणि तो खाली दिसला की हिरमुसायचा. एक आजोबा म्हणाले, ‘‘घाट ब्रेकवर उतरलात. गिअरवर उतरायचा असतो!’’ मी सेकंडवरच उतरलो होतो. शिवाय घाटाने ब्रेक तापले, तर आधी पुढचे तापतात. जास्त काम तेच करतात. आणि तापतात ते दोन्हीकडचे. एकटं मागचं चाक अशी वेगळी चूल मांडत नाही. पण हे पुण्यात, आजोबांना, भर चौपाटीवर कोण सांगणार?

एक उत्साही तरुण पाण्याची अख्खी बाटली ओतायला निघाला, त्याला कसाबसा आवरला. ब्रेकच्या तापलेल्या ओतीव लोखंडाच्या ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला, गार पाण्याने तडा जाऊ शकतो. बायकोने मात्र भाकरीच्या तव्यावर शिंपडतात तसे दोन थेंब शिंपडले. चर्र! उजवीकडे थेंब नुसते ओघळले. निदानाची ती पहिली खरी पायरी. गार व्हायला गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावला. हँडब्रेक ओढला असता, तर ड्रम आकसताना त्याला आतून घासून चाक थांबवणाऱ्या लायनरला आणखी चिकटला असता.

दुसऱ्या दिवशी गॅरेज. मेकॅनिक पोरगा मला ‘काका’ म्हणाला, ते मी गाडीसाठी सोसलं. त्याने जॅक लावला. चाक हाताने हलेना. आधी ब्लीडर निपल, म्हणजे चाकापाशी ब्रेक ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू, सैल केला. ऑइल नुसतं ठिबकलं, चाक ढिम्म. म्हणजे ऑइलचं प्रेशर अडकलेलं नव्हतं. ऑइल नेणारा होज आणि पेडलमागे प्रेशर तयार करणारा मास्टर सिलेंडर निर्दोष सुटले. मग खाली सरकून हँडब्रेकची केबल ढिली केली आणि चाक गरागरा फिरलं. पावसाचं पाणी केबलच्या आवरणात शिरून गंज धरला होता. आत लिव्हर खाली आणि तिकडे केबल ओढलेली ती ओढलेलीच.

ड्रम हातोडीने ठोकून काढला. लायनर चकचकीत झालेले, ड्रमवर निळसर डाग, स्प्रिंगा ढिल्या. ऑइलच्या प्रेशरने लायनर ड्रमवर दाबणाऱ्या व्हील सिलेंडरचं रबर जरा उचकटलं तर आत ओलं. भाजून लीक झालेलं. पोरगा म्हणाला, ‘‘काका, ऑइल पण बदलू. ओलावा ओढतं ते.’’ बरोबरच होतं. डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल ताजं असताना निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ही हमी १४० वर येते. लायनर दोन्हीकडचे बदलले, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडे ओढते. ज्या उजव्या चाकाने काहीच केलं नव्हतं, त्याचंही बिल झालं.

निघताना सल्ला मिळाला : पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल, तर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये टाका, चाकाला दगड लावा. दगड लावला. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. तो दगड कायमस्वरूपी आहे की तात्पुरता, हे त्यांना लेखी हवंय.