ताम्हिणीत भिजलेला लॅपटॉप आणि उसवलेला पट्टा: दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक तारा दिलेला रिव्ह्यू परवाच वाचला. लगेच उत्तर दिलं नाही, कारण आधी बॅग उसवून बघायची होती. काल रात्री दुकान बंद केल्यावर बघितली, म्हणून आज लिहितोय.

बाकीच्यांसाठी तक्रार थोडक्यात. आमची २,८९० रुपयांची बाईकची सॅक तुम्ही फेब्रुवारीत घेतलीत. काउंटरवर तुम्हाला ती 'वॉटरप्रूफ' म्हणून सांगितली. जुलैत ताम्हिणीतून माणगावला जाताना, रेनकव्हर घातलेलं असूनही, आतला लॅपटॉप भिजला. त्याच आठवड्यात उजव्या खांद्याचा पट्टा वरून निघाला. दुकानात आणलीत तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "बाईकवर वापरली की असंच होतं." आणि सोळा दिवस झाले तरी कोणाचा फोन नाही. शिवाय, हा चायनाचा माल स्वतःचं लेबल लावून विकतात, असंही तुम्ही लिहिलंय.

पट्ट्यापासून सुरू करतो, कारण तिथे चूक सरळसरळ आमची आहे. पाठीकडचं अस्तर ब्लेडनं उघडलं. दोरा शाबूत होता, एकही टाका तुटलेला नाही. पट्ट्याचं टोकच टाक्यांखालून निसटून बाहेर आलं होतं, कडेचे धागे दाढीसारखे लोंबत होते. आमच्याकडे नियम असा की पट्ट्याचं टोक शिवणीच्या आत किमान एक इंच गेलं पाहिजे आणि त्यावर आडवा बारटॅक, म्हणजे जागच्या जागी दाट मारलेले टाके, पडला पाहिजे. तुमच्या बॅगेत ते मोजलं तर ८ मिलिमीटर भरलं. म्हणजे बारटॅक पडला तो कापडाच्या अगदी काठावर. तिथे दोरा कितीही चांगला असू दे, कापडाची वीण सुटत जाते. लॅपटॉप, चार्जर, डबा, पाण्याची बाटली, रेनकोट मिळून सहा-सात किलो होतात आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला ते वजन झटक्यानं खाली खेचलं जातं. पाच महिने टिकली हेच नवल.

त्या लॉटच्या सहा बॅगा शिल्लक होत्या. सगळ्या उघडल्या, दोन तशाच निघाल्या. तेव्हा हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही सांगतो: आतल्या पांढऱ्या लेबलवर ०२ असा शिक्का असेल तर बॅग घेऊन या. पट्टा बरा दिसत असला तरी आणा. बिल नसलं तरी चालेल.

'असंच होतं' म्हणणारा मुलगा माझा पुतण्या आहे. असं होत नाही, आणि झालं तर 'असंच' म्हणायचं नसतं, हे त्याला सांगून झालंय. सोळा दिवसांबद्दल: कारागीर गावाला गेला होता हे खरं, पण फोन करायला कारागीर लागत नाही. माफ करा.

आता पाणी. इथे मी आधी तुमच्याशी सहमत नव्हतो. टॅगवर 'वॉटर रेझिस्टंट' (म्हणजे थोडंफार पाणी अडवणारी) छापलंय, 'वॉटरप्रूफ' नाही, आणि खाली बारीक अक्षरात 'मुसळधार पावसात लॅपटॉप वेगळ्या पिशवीत ठेवा' असंही आहे. शिवाय ताम्हिणी म्हणजे काय, हे पुणेकराला सांगायला नको. जुलै २०२४ मध्ये तिथे एका दिवसात ५५० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. पुण्यात शिवाजीनगरला अख्ख्या वर्षात साधारण ७०० पडतो. त्या घाटात टॅग दाखवून हात झटकता आले असते.

पण काल एक गोष्ट करून बघितली. शेजारच्या वॉशिंग सेंटरवर पुतण्याला (त्यालाच!) बाईकवर बसवलं. तुमच्याच मॉडेलची बॅग पाठीवर, आत वर्तमानपत्राचे बोळे ठासून भरलेले, बाहेरून रेनकव्हर. वीस मिनिटं पाठीमागून आणि खांद्यावरून पाणी मारलं. मग बॅग उघडली. वरचे बोळे कोरडे, मधले दमट, तळाचे पिळून काढण्यासारखे. कव्हर उलटं केलं तर ग्लासभर पाणी सांडलं.

पाणी कापडातून आलं नव्हतं. कव्हर बॅगेला बाहेरून झाकतं, पाठीकडची बाजू उघडीच असते. बसलेल्या माणसाच्या मानेवरून ओघळलेलं पाणी पाठ आणि बॅग यांच्यामधून खाली येतं, कव्हरच्या तळाशी साचतं आणि बॅग त्या डबक्यात बसते. तळाच्या शिवणीला सुईची भोकं असतात, तिथून ते आत शिरतं. पायी चालणाऱ्याला हे फारसं जाणवत नाही. बाईकवर वारा कव्हरला फुगवतो, कडा सैल होते, मग आणखी आत जातं. आणि आमच्या बॅगेत लॅपटॉपचा कप्पा थेट तळाच्या शिवणीला टेकलेला आहे. तो दोन बोटं वर, फोमवर लटकता असायला हवा होता. ही पुतण्याची चूक नाही, डिझाइन माझं आहे.

नवीन लॉटमध्ये कप्पा उचलून घेतलाय आणि कव्हरच्या तळाला पाणी जायला आयलेट, म्हणजे कडी बसवलेलं भोक, मारतोय. 'वॉटरप्रूफ' हा शब्द काउंटरवर कोणीही उच्चारायचा नाही, असं ठरलंय. तरीही कोणी उच्चारला तर मला सांगा.

चायनाच्या मालाबद्दल मात्र नाही म्हणतो. कापड सुरतचं, शिलाई पुण्यात, आमच्याच माळ्यावर. बक्कल चायनाचे आहेत, ते मी कोणी विचारलं तर कायम सांगतो, कारण त्या किमतीत इथे मिळणारे बक्कल थंडीत तडकलेले मी पाहिलेत. गिऱ्हाईक ज्याला शिव्या घालतं त्याच वस्तूनं बॅग टिकते, असंही कधीकधी होतं.

शेवटी तुम्ही चिडून विचारलंय, "मग कोथरूडहून रोज हिंजवडीला बाईकवर जाणाऱ्यानं घ्यायचं तरी काय?" चिडून विचारलेलं असलं तरी प्रश्न बरोबर आहे, म्हणून आमचा धंदा बाजूला ठेवून सांगतो.

डेनियरच्या आकड्यावर जाऊ नका. हल्ली प्रत्येक जण आत शिरताच '१६८० आहे का' विचारतो. डेनियर म्हणजे ९,००० मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन, बस. धागा जाड आहे एवढंच त्यातून कळतं. आतलं कोटिंग कसं आहे, शिवण कशी आहे, हे कळत नाही. घासलं जाण्याला नायलॉन जास्त तग धरतं, उन्हाला पॉलिस्टर. बाईक दिवसभर उन्हात उभी आणि बॅग तिच्यावरच बांधलेली, असं असेल तर पॉलिस्टर वाईट नाही. दुकानात कापड बघण्याआधी बॅग उलटी करा आणि पट्टा जिथे आत जातो तिथे दोन्ही हातांनी ताणून बघा. (हो, आमच्याही दुकानात.) तिथे आडवे दाट टाके दिसले पाहिजेत, आणि ताणल्यावर शिवणीत फट पडता कामा नये. चेनचा रनर दोन-चार वेळा वळणावरून फिरवा. वळणावर अडकणारी चेन धुळीत महिनाभरात दात सोडते. रबरासारखी दिसणारी चेन असली म्हणून पाणी थांबतं असं नाही, ती फक्त शिंतोडे अडवते.

खरोखर पाणी नको असेल तर तोंड गुंडाळून बंद करायची रोलटॉप बॅग घ्या, जिची शिवण सुईनं नाही तर गरम करून चिकटवलेली असते. ती आम्ही बनवत नाही, आमच्याकडे ते मशीनच नाही. महाग असते, आणि ऑफिसात डबा काढताना रोज तोंड उलगडत बसावं लागतं, त्याचा कंटाळा येतो. मधला मार्ग म्हणजे साधी मजबूत सॅक आणि आत एक रोलटॉप पिशवी, जिच्यात फक्त लॅपटॉप. मी स्वतः तेच करतो. बॅग बनवणारा माणूस लॅपटॉप पिशवीत घालून नेतो, यावर तुम्हाला हसू आलं तरी चालेल.

आणि सात किलो रोज पाठीवर नेऊ नका. मागच्या सीटवर बांधायची टेल बॅग बघा, चार ठिकाणी पट्ट्यानं आवळता येईल अशी. हुकवाली इलॅस्टिक दोरी नको, ती सुटली की हुक थेट तोंडाकडे येतो. पट्ट्यांची लोंबणारी टोकं मात्र गुंडाळून आत खोचायचीच. एका गिऱ्हाइकाचं टोक साखळीत गेलं होतं; वेग कमी होता म्हणून बॅगच गेली. साइड बॅग घेतलीत तर सायलेन्सरच्या बाजूला नीट अंतर ठेवा, कापड आधी चकाकतं आणि मग भोक पडतं. पाठीवर सॅक घ्यायचीच असेल तर कडक वस्तू, म्हणजे कुलूप, पाना, स्टीलची बाटली, मणक्याजवळच्या कप्प्यात ठेवू नका. पडलो तर ती आधी आपल्यालाच लागते.

आता हिशेब. बॅगेचे पूर्ण २,८९० रुपये परत. लॅपटॉपच्या दुरुस्तीचं बिल तुम्ही ९,४०० लिहिलंय, त्यातले निम्मे ४,७०० आम्ही देतो. पूर्ण का नाही, तर टॅगवरची सूचना तिथे होती. काहीच नाही असंही नाही, कारण तोंडी 'वॉटरप्रूफ' आमच्याच माणसानं सांगितलं आणि कप्पा आम्हीच तळाला टेकवला. हे तुम्हाला पटलं नाही तर समोर बसून बोलू, चहा आमचा. तारा एकच ठेवलात तरी पैसे मिळतील.

दुकान सोमवारी बंद असतं, बाकीचे दिवस रात्री साडेआठपर्यंत मी असतो. लॅपटॉपच्या दुरुस्तीच्या बिलाची प्रत तेवढी आणा. आणि हो, बॅगेच्या पुढच्या कप्प्यात तुमच्या डब्याचा चमचा राहिला होता. तो धुऊन गल्ल्यात ठेवलाय.