खुलासा : प्लेनो ईस्ट तो सामना हरलं होतं
टेक्सासमधल्या प्लेनो ईस्ट या शाळेच्या १९९४ च्या अमेरिकन फुटबॉल सामन्याची एक क्लिप सध्या फिरते आहे. सोबत मजकूर असतो : ‘तीन मिनिटांत २४ गुणांची पिछाडी भरून प्लेनो ईस्टने राज्याची फायनल जिंकली.’ यातली पिछाडी खरी आहे. विजय आणि फायनल, दोन्ही चूक.

२६ नोव्हेंबर १९९४, आयर्व्हिंगचं टेक्सास स्टेडियम, बाद फेरीचा सामना. शेवटची साधारण तीन मिनिटं उरली तेव्हा टायलर शहरातली जॉन टायलर शाळा ४१-१७ ने पुढे होती. मग प्लेनो ईस्टने चार टचडाउन केले, म्हणजे चार वेळा चेंडू समोरच्या संघाच्या टोकाच्या पट्ट्यात नेला. टचडाउननंतर किक मारून चेंडू समोरच्या संघाकडे द्यायचा असतो; मधल्या तीन वेळा त्यांनी मुद्दाम आखूड किक मारून तो पुन्हा स्वतःच मिळवला. एकदा जमणंही अवघड, इथे सलग तीनदा! २४ सेकंद बाकी, प्लेनो ईस्ट ४४-४१ ने पुढे. क्लिप इथेच कापली आहे.

पुढच्याच किकवर जॉन टायलरचा रॉडरिक डन चेंडू घेऊन ९७ यार्ड धावत गेला आणि टचडाउन केला. जॉन टायलर ४८-४४ ने जिंकलं आणि त्याच मोसमात पुढे आपल्या गटाचं राज्य विजेतेपदही त्यांनीच मिळवलं. क्लिप पाठवायचीच तर पूर्ण पाठवा. डनची ती धाव कापणं त्या मुलांवर अन्याय आहे.