‘सेलमध्ये आता पारा नसतो’, म्हणून?

नाशिकमधल्या आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवड्यात तीनदा हा मेसेज आला: ‘हल्लीच्या सेलमध्ये पारा नसतो, बिनधास्त घंटागाडीत टाका. मोबाइलची फुगलेली बॅटरी टाचणीने टोचून हवा काढा, मग तीही टाका. बॅटरीचे नियम फक्त कारखान्यांना आहेत.’

पाऱ्याचं बरंचसं खरं आहे. चांगल्या कंपन्यांच्या पेन्सिल सेलमध्ये तो आता घालत नाहीत. पण जस्त, मँगनीज राहतंच. अल्कलाइन सेलमध्ये तर पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. रिमोटच्या स्प्रिंगवर जमणारा पांढरा भुगा त्याच्याच गळतीचा. आपल्या घंटागाड्या पाथर्डीच्या खत प्रकल्पावर रिकाम्या होतात. ओल्या कचऱ्यातला सेल तिथे फुटला, तर त्यातलं खतात उतरणार आणि खत कुणाच्या तरी शेतात जाणार.

टाचणीचा सल्ला मात्र जिवावर बेतणारा आहे. फुगलेल्या लिथियम बॅटरीत हवा नसते, पेट घेणारा वायू असतो. आतल्या दोन थरांमध्ये केसाहून पातळ पडदा असतो. टाचणी तो फाडते, शॉर्ट सर्किट होतं आणि काही सेकंदांत भडका उडू शकतो. घंटागाडीत दाबली गेली तरी तेच, आणि तेव्हा शेजारी उभे असतात कचरा उचलणारे दादा. माझ्या जुन्या फोनची बॅटरी टेबलावर ठेवून टिचकी मारली की भोवऱ्यासारखी गरकन फिरायची, इतकी फुगली होती. चार्जिंग त्याच दिवशी बंद केलं, टोकांना चिकटपट्टी लावली, पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवली आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे ‘फुगलेली आहे’ असं सांगून हातात दिली.

घड्याळाचे बटण सेल मेसेजमध्ये नाहीतच. लहान मुलाने गिळला, तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. वापरलेलाही घातक ठरू शकतो. निघाला की लगेच दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

राहिला नियम. 2022 चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्यांना लागू आहेत. परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची, पण इतर कचऱ्यात न मिसळता वेगळी देण्याची आपली. फुली मारलेल्या कचराकुंडीचं चिन्ह त्यासाठीच असतं. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी आपण दुकानदाराला परत देतोच ना?

आमच्या वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये आता सेलसाठी झाकणाची कोरडी बरणी आहे, शेजारी चिकटपट्टी. फुगलेली बॅटरी त्यात टाकू नका, मला फोन करा. वाळूचा डबा माझ्याकडे आहे.