मेहुण्याचं जीपीएस आणि नीरेच्या अलीकडचा दगड

माझ्याकडे एक जुनं हातातलं जीपीएस आहे. पिवळं, धुण्याच्या साबणाच्या वडीएवढं. नकाशाबिकाशा काही नाही, काळ्या-पांढऱ्या स्क्रीनवर आकडे आणि एक बाण, बस. ट्रेकला गळ्यात अडकवून न्यायचो, घरी आलं की ड्रॉवरमध्ये. आमचं दोघांचं बरं चाललं होतं. मग २०११ च्या दिवाळीत मेहुणा, म्हणजे आमचा बंड्या, त्याचं नवीन रंगीत स्क्रीनवालं घेऊन भाऊबीजेला आला, चिवड्याच्या ताटलीशेजारी दोन्ही मशीन ठेवली आणि म्हणाला, "दाजी, तुमचं ५ मीटर दाखवतंय, माझं ३." असा आवाज लावला होता की माझे रिपोर्ट आलेत आणि घरच्यांना कसं सांगावं हा प्रश्न पडलाय.

आता हा आकडा म्हणजे काय, तर दाखवलेली जागा किती मीटर चुकत असेल याचे मशीनने स्वतःच स्वतःला दिलेले मार्क. आपण नेमके कुठे आहोत हे त्याला माहीत असतं तर चूक उरलीच नसती ना! सॅटेलाइट डोक्यावर कसे पसरलेत, सिग्नल किती दमदार येतोय यावरून ते अंदाज बांधतं आणि प्रत्येक कंपनीची अंदाज बांधायची रीत वेगळी. पोरगं परीक्षेहून येऊन "९० पडतील" म्हणतं, तसलाच प्रकार. हे सगळं मी बंड्याला समजावलं, तर तो म्हणाला, "मग टेस्टच करू की, उद्या आईला सोडायला साताऱ्याला जायचंच आहे." बायको म्हणाली, त्या पिवळ्याची टेस्ट आमच्याकडे झालेली आहे, रात्रभर खिडकीत ठेवलं होतं आणि सकाळी ते पाऊण किलोमीटर चालून आलेलं दाखवत होतं, "तुझ्या दाजींपेक्षा जास्त चालतं." (यात मशीनचा दोष नाही. जागेवर असलं तरी पोझिशन दोन-चार मीटर इकडेतिकडे हलत राहते आणि ते सगळं अंतरात जमा होतं. पण हे मी तेव्हा बोललो नाही.)

तर गाडी बंड्याची, चालवणार बंड्या. मी पुढे, दोन्ही मांड्यांवर एकेक मशीन. मागे बायको, तिचं काम म्हणजे रस्त्याकडेचा किलोमीटरचा पिवळा दगड बरोबर दाराशी आला की "आला!" ओरडायचं. ओरडलं की मी दोन्ही बटणं एकदम दाबून जागा नोंदवायची, नंबर सांगायचा, आणि सासूबाईंनी तो वहीत लिहायचा. वही त्यांचीच, दुधाच्या हिशोबाची, कोरी पानं पुष्कळ होती.

कात्रजचा नवीन बोगदा येईपर्यंत मज्जा होती. बोगद्यात सिग्नल गेला तरी माझं मशीन थोडा वेळ शेवटच्या वेगाने आपलं पुढे पुढे सरकत राहिलं. बायको म्हणाली, अगदी ह्यांच्यासारखं, ऐकत नसतात पण हं हं चालू असतं. बंड्याच्या मशीनने मात्र सरळ "सिग्नल गेला" सांगून टाकलं, त्यामुळे पहिला पॉइंट प्रामाणिकपणासाठी त्याला देण्यात आला. बोगद्याबाहेर आल्यावरही त्याला सॅटेलाइट मिळेनात. निदान चार लागतात, तीन जागेसाठी आणि चौथा आपल्या मशीनचं स्वस्तातलं घड्याळ सुधारायला, आणि ह्याला दोनच दिसत होते. मी हसणार तेवढ्यात बघितलं तर करंज्यांचा स्टीलचा डबा बायकोने मागून माझ्या मांडीवर आणून ठेवला होता, बरोब्बर बंड्याच्या मशीनवर. २०,२०० किलोमीटरवरून येणारा सिग्नल आणि शेवटच्या दोन इंचावर करंज्या.

मग खेड-शिवापूरच्या पुढे गाडी ८० ला लागली आणि खरी गंमत कळली. ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, आणि ही मशीन पोझिशन देणार सेकंदाला एकदा. त्यात बायको करंजी खात होती, त्यामुळे तिच्या "आ" आणि "ला" यांच्यामध्येच सहा-सात मीटर रस्ता निघून जायचा. माझ्या जुन्या मशीनचं बटण दाबून धरावं लागतं, तो वेळ वेगळा. म्हणजे मशीनची ३ मीटरची चूक पकडायला आम्ही २० मीटरची माणसं बसवली होती. बंड्या म्हणाला, "ताई, जरा लवकर ओरड ना," तर ती पुढचा दगड दिसायच्या आधीच ओरडली आणि वर म्हणाली, सरासरी काढ आता.

वेगाची टेस्ट मात्र झकास झाली. बंड्याच्या काट्यावर ८०, आणि दोन्ही मशीनवर ७५. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजलं, ४८ सेकंद. ३,६०० भागिले ४८, झाले बरोबर ७५. गाडीचे काटे मुद्दाम थोडं जास्तच दाखवतात, कमी दाखवून चालत नाही. बंड्या हळूहळू गंभीर झाला. एक्सप्रेसवेवर १४० ने गाडी हाणल्याची त्याची गोष्ट आमच्या घरात चार वेळा सांगून झालेली होती आणि आता सासूबाई पेन्सिल सरसावून विचारत होत्या, "मग त्याचे किती लिहू?"

नीरेचा पूल यायच्या अलीकडे बंड्या म्हणाला, असं नाही जमणार, एक दगड पक्का करू. गाडी कडेला घेतली, दोन्ही मशीन दगडाच्या पिवळ्या डोक्यावर ठेवली, दहा मिनिटं हलायचं नाही, सरासरी घ्यायची. आता दिवस कसले, तर पुणे-सातारा रस्त्याच्या सहापदरीकरणाचे. रस्त्याकडेला दोन माणसं यंत्र ठेवून वहीत आकडे लिहितायत म्हटल्यावर शेजारच्या वावरातून एक आजोबा आले, मग त्यांचे चिरंजीव, मग मोटारसायकलवरचे दोघं थांबले. "साहेब, विहिरीच्या अलीकडून जातोय का पलीकडून?" मी म्हटलं, अहो आम्ही फक्त जीपीएस तपासतोय. "ते कळलं हो, पण विहीर वाचंल का?" बंड्या रुबाबात म्हणाला, "बघू, वर सांगतो." परिणामी चहा आला. मी आयुष्यात इतका खजील होऊन कधी चहा प्यायलो नाही.

येताना सासूबाई नव्हत्या म्हणून रीडिंग कमी झाली. रात्री दोन्ही मशीनचे ट्रॅक कॉम्प्युटरवर टाकले. माझा आणि बंड्याचा ट्रॅक एकमेकांशी जवळपास जुळत होता. त्याने लगेच पार्टी मागितली. पण वातावरणाच्या वरच्या थरात सिग्नल रेंगाळतो ती चूक दोघांनाही सारखीच बसते, मग दोघं जुळणारच, सख्खे भाऊ एकच थाप मारतात तसे. नंतर जातानाचा आणि येतानाचा ट्रॅक एकावर एक ठेवला तर खंबाटकीला दोन्ही रेघा पार लांब! बंड्याचा चेहरा पडला, माझा उजळला, मग लक्षात आलं की फरक माझ्याही मशीनमध्ये आहे, मग माझाही पडला. वीस मिनिटं सेटिंग उलटसुलट करून झाल्यावर बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "जाताना घाट चढलो ना आपण? येताना बोगद्यातून आलो." हो. तसंच होतं तेव्हा तिथे. कित्येक वर्षं माहिती होतं आम्हाला.

अशा मशीनला मिळणाऱ्या सिग्नलमध्येच पूर्वी अमेरिकन सैन्य मुद्दाम चूक मिसळायचं, शंभरेक मीटरची. ती बंद करतोय असं क्लिंटन साहेबांनी जाहीर केलं १ मे २००० ला, आपल्या महाराष्ट्र दिनी. त्यांनी त्यांची चूक काढून घेतली, आमची कोण काढणार.

जानेवारीत सासूबाई पुण्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन करून परत निघाल्या, तेव्हा बंड्याने पक्क्या दगडाची आठवण काढली. आता खरी टेस्ट, मशीन आपल्याला दगडापर्यंत नेतं का बघायचं. दोन्ही बाण एकाच दिशेला, ४० मीटर, १५, ६, ४... आणि दगडच नाही. मुरूम टाकलेला, वर रोलरचे पट्टे. "बघा दाजी, दोन्ही चुकली," बंड्या म्हणाला, आणि तो रस्त्याकडेने पावलं मोजत पुढे गेला, मी मागे गेलो. बायको गाडीतून "आला का?" ओरडत होती.

सासूबाई काळा चष्मा लावून तोवर समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसल्या होत्या. आम्ही हताश होऊन तिकडे गेलो. टपरीवाल्याला विचारलं, इथे एक किलोमीटरचा दगड होता. "तो होय, दिवाळीनंतर जेसीबीवाल्यानं उपटला. पडून होता, आणला मग. बसाया बरा पडतो."

आम्ही सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी साडीचा पदर जरा बाजूला केला तर खाली पिवळा रंग.

"आई, हलू नका," बंड्या म्हणाला, "दहा मिनिटं," आणि दोन्ही मशीन त्यांच्या मांडीवर ठेवली.