तीन वर्षांचे अनुदान आणि काळी माती

मे महिन्यात आमच्या भागातील काळ्या मातीला पडलेल्या भेगेत माझा हात मनगटाच्या वरपर्यंत जातो, आणि जुलैअखेर त्याच जागी भेग शोधूनही सापडत नाही. नागपूरच्या आसपास जुन्या कपाशीच्या शेतात लेआऊट पडले आणि ज्यांनी तिथे घरे बांधली, त्यांना हे वेगळे सांगायला नको. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग दर उन्हाळ्यात थोडी वाढते, दिवाळीला पुट्टी भरून रंग दिला की काही महिने झाकली जाते आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा दिसू लागते. मी नागपुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य विभागात सत्तावीस वर्षे शिकवले आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. स्थापत्य आणि यांत्रिकी संशोधनाला मिळणाऱ्या सरकारी पैशाविषयी आज सविस्तर लिहितो आहे. पैसा कमी आहे ही तक्रार खरीच आहे. परंतु जो मिळतो तो यंत्रासाठी मिळतो, यंत्र चालवणाऱ्या माणसासाठी मिळत नाही आणि निरीक्षणाला लागणाऱ्या वर्षांसाठी तर मिळतच नाही, यामुळे होणारे नुकसान मला अधिक मोठे वाटते.

या मातीपासूनच सुरुवात करतो, कारण सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाने सामान्य माणसाचे घर कसे वाचते हे तिच्याइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आक्रसते. वरच्या साधारण साडेतीन मीटरच्या थरात हा खेळ दरवर्षी चालतो, त्यामुळे उथळ पाया पावसाळ्यात उचलला जातो आणि उन्हाळ्यात खचतो. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने, जिची सुरुवात १९४७ मध्ये झाली, यावर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर असलेला काँक्रीटचा पायाखांब, विकसित केला. जमिनीत बारीक खोल भोक घ्यायचे, तळाशी ते खास अवजाराने वरच्या भोकाच्या अडीच पट व्यासाइतके रुंद करायचे आणि त्यात सळ्या घालून काँक्रीट भरायचे. वरची माती फुगून घर उचलू लागली, तरी खाली स्थिर थरात रुतलेला फुगीर गोळा त्याला धरून ठेवतो. आज विदर्भातील कोणत्याही गावातला मिस्त्री हे काम ओळखतो. हे कुठून आले, हे त्याला माहीत नसले तरी त्यामुळे काही बिघडत नाही. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी याच मातीचा दीर्घकाळ अभ्यास करून दाखवले की तिच्यावर चिकट पण न फुगणाऱ्या मुरमाड मातीचा सुमारे एक मीटरचा थर दिला, तर खालच्या मातीचे फुगणे आवरते. कालव्यांच्या अस्तरीकरणासाठी ही पद्धत पुढे भारतीय मानकांत आली.

या दोन्ही कामांमागे माणसे आणि वर्षे होती. रुरकीत कायम नोकरीतले शास्त्रज्ञ होते, भोक घेणारे, नमुने काढणारे, नोंदी ठेवणारे तंत्रज्ञ होते, आणि या वर्षी बसवलेला पाइल पाच पावसाळ्यांनंतर कसा वागतो हे पाहायला तीच माणसे तिथेच असणार होती. आमच्या शहरातही त्या काळाची खूण आहे. १९५८ मध्ये नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी केंद्रीय संस्था निघाली, ती पुढे नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, झाली. फ्लोराइडयुक्त पाणी तुरटी आणि चुना वापरून पिण्यायोग्य करण्याची नालगोंडा पद्धत तिथेच विकसित झाली. विश्वेश्वरय्या महाविद्यालय, म्हणजे आजचे व्हीएनआयटी, १९६० मध्ये सुरू झाले.

आता आजची स्थिती पाहू. संशोधन आणि विकासावर देशाचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. दक्षिण कोरियाचा साडेचार टक्क्यांहून अधिक आहे. त्यातही केंद्र सरकारच्या खर्चात संरक्षण, अवकाश आणि अणुऊर्जा यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले, तेव्हा पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपयांचा आकडा सांगितला गेला. त्यातील बहुतांश रक्कम सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग आणि देणगीदार यांच्याकडून येईल असे गृहीत धरले होते. २०२५ मध्ये एक लाख कोटींची आणखी एक योजना मंजूर झाली, परंतु ती मुख्यतः खासगी क्षेत्राला कमी व्याजाचे किंवा बिनव्याजी दीर्घ मुदतीचे कर्ज देण्यासाठी आहे. नवी बॅटरी किंवा नवी चिप बनवणाऱ्याला अशा कर्जाचा उपयोग होईल. परंतु वर्धा जिल्ह्यातील काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता आठव्या वर्षी कुठे फाटतो हे शोधण्यासाठी कोणती कंपनी कर्ज काढील? ते ज्ञान विकता येत नाही. त्याचा फायदा रस्ता वापरणाऱ्या सर्वांना मिळतो, आणि म्हणूनच त्याचा खर्च सर्वांच्या करातून व्हावा असे माझे मत आहे.

माझा स्वतःचा अनुभव लिहितो. संस्थांची नावे देत नाही, कारण दोष कोणा एका कार्यालयाचा नाही. चुना आणि औष्णिक वीज केंद्राची राख मिसळून काळी माती स्थिर करावी आणि तिच्यावर दोनशे मीटर ग्रामीण रस्ता बांधून त्याचे वागणे मोजावे, असा आमचा प्रस्ताव होता. मंजुरीचे पत्र ऑगस्टमध्ये आले आणि पहिला हप्ता फेब्रुवारीत. मार्च संपण्यापूर्वी यंत्रसामग्रीचा पैसा खर्च करणे भाग होते, म्हणून आम्ही आधी ओलावा मोजणारे सेन्सर आणि त्यांच्या नोंदी साठवणारे डेटा लॉगर घेतले. ते बसवायचा रस्ता तेव्हा कागदावरच होता. संशोधक विद्यार्थ्याची जाहिरात, मुलाखत, रुजू होणे यात पहिला पावसाळा गेला. रस्ता झाला, जमिनीखाली चार वेगवेगळ्या अंतरांवर सेन्सर पुरले आणि दुसऱ्या पावसाळ्याच्या नोंदी चांगल्या मिळाल्या. त्यानंतर विद्यार्थ्याची पाठ्यवृत्ती सात महिने आली नाही. तो यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातला मुलगा होता, नागपुरात खोली भाड्याने घेऊन राहत होता; त्याने पुण्यात नोकरी धरली आणि मी त्याला थांब म्हणू शकलो नाही. तिसरे वर्ष संपले, पैसा कसा वापरला याचे उपयोगिता प्रमाणपत्र सादर झाले, शिल्लक रक्कम परत गेली. मी आणखी तीन वर्षांसाठी फक्त एका प्रयोगशाळा सहायकाचा पगार आणि प्रवासखर्च मागितला, एकही यंत्र मागितले नाही. योजनेत तशी तरतूद नाही, असे उत्तर आले. फुगणाऱ्या मातीवरचा रस्ता ओले-कोरडे होण्याची अनेक चक्रे सोसल्यावर आपले खरे रूप दाखवतो. आम्ही पूर्ण नोंदवलेले चक्र एकच होते.

यांत्रिकी विभागातील माझ्या सहकाऱ्यांचे दुःख याहून फारसे वेगळे नाही. थकवा-चाचणीचे, म्हणजे वारंवार ताण देऊन धातू कधी तुटतो हे पाहण्याचे, यंत्र अनुदानातून येते, उद्घाटन होते, पहिली दोन वर्षे हमीकाळात नीट चालते. मग ताण नियंत्रित करणारा सर्व्हो व्हॉल्व्ह बिघडतो किंवा भार मोजणाऱ्या लोड सेलच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकतेच्या तपासणीची, मुदत संपते. देखभाल कराराला पैसा नसतो, कारण प्रकल्प बंद झालेला असतो. ज्या तंत्रज्ञाला त्या यंत्राचा आवाज ऐकून दोष कळत असे तो निवृत्त होतो आणि ते पद पुन्हा भरले जात नाही. कितीतरी प्रयोगशाळांमध्ये मी अशी यंत्रे प्लास्टिकच्या आवरणाखाली पाहिली आहेत. याउलट कापसाच्या जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचे, उदाहरण घ्यावे. नागपुरात अमरावती रोडवर केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र अनेक वर्षे सातत्याने चालत आले आहे, आणि फेब्रुवारी २००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानातून जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या आधुनिकीकरणाला सरकारी मदत मिळाली. संशोधन करणारी संस्था, यंत्रे बनवणारे स्थानिक कारखाने आणि ती वापरणारे जिनिंगवाले एकाच परिसरात असल्यावर दुहेरी रोलरच्या जिनमधील लहानशी सुधारणासुद्धा लगेच तपासून पाहता येते, आणि हे सातत्य असल्यामुळेच शक्य होते.

काही गोष्टी सुधारल्या आहेत, त्या नोंदवल्या पाहिजेत. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाची पाठ्यवृत्ती ३१ हजारांवरून ३७ हजार झाली. संशोधन अनुदानावरील जीएसटीचा प्रश्न २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने सूट देऊन सोडवला. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम शिथिल झाले. कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख झाली. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु यातील बहुतेक सोयी केंद्रीय संस्थांना आधी मिळतात. विदर्भातील अनुदानित आणि विनाअनुदानित महाविद्यालयांत, जिथे आपली बहुतेक मुले अभियंता होतात, त्या फार उशिरा पोहोचतात किंवा पोहोचतच नाहीत.

मग पैसा कुठून आणावा? याचे उत्तर जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाच्या समितीने देऊन ठेवले आहे. बॅ. मु. रा. जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते समितीने पेट्रोलवर जादा कर घेऊन स्वतंत्र रस्ते निधी उभारण्याची शिफारस केली आणि १९२९ मध्ये तो सुरू झाला. त्यातील वीस टक्के रक्कम केंद्राकडे राखीव राहत असे आणि रस्त्यांवरील प्रयोग व संशोधन हा त्या राखीव रकमेचा एक घोषित उद्देश होता. रस्ता बांधण्याच्या पैशातूनच रस्ता समजून घेण्याचा पैसा निघावा, हा तो विचार आहे.

तोच विचार आजच्या कामांना लावून पाहा. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर पंचावन्न हजार कोटींहून अधिक खर्च झाला. त्याचा हजारावा भाग म्हणजे पंचावन्न कोटी, आणि एवढ्या रकमेत या मार्गावरील काळ्या मातीचे भराव, काँक्रीटच्या फरशांमधील तापमानाचा फरक, सांध्यांची हालचाल हे सर्व वीस वर्षे मोजता येईल. नागपूर ते नाशिक दरम्यानच्या डझनभर महाविद्यालयांना कायमस्वरूपी तंत्रज्ञ नेमता येतील. डिसेंबर २०२४ मध्ये मनसरजवळ राष्ट्रीय महामार्गावर लिग्निन या वनस्पतींतील घटकापासून बनवलेल्या जैव-डांबराचा एक किलोमीटरचा पट्टा तयार झाला. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात आणि त्यानंतरच्या पावसात ते डांबर दहा वर्षे कसे टिकते हे नोंदवण्यासाठी यापेक्षा योग्य जागा देशात सापडणार नाही, आणि ती आपल्यापासून एका तासाच्या अंतरावर आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि शहरातल्या घराघरांत पाणी शिरले. नागनदीच्या खोऱ्यातील पाऊस आणि प्रवाह यांच्या अखंड नोंदी ठेवणे हेसुद्धा तीन वर्षांच्या प्रकल्पात बसणारे काम नाही.

माझी मागणी एवढीच आहे की राज्य सरकारने शंभर कोटींपेक्षा मोठ्या प्रत्येक बांधकामाच्या अंदाजपत्रकात निरीक्षण आणि संशोधनासाठी एक हजारांश रक्कम स्वतंत्र शीर्षाखाली धरावी, ती मार्चअखेर परत जाऊ नये, तिची मुदत किमान दहा वर्षांची असावी आणि तिचा निम्मा भाग मनुष्यबळावर खर्च करण्याची अट असावी. मिळालेल्या नोंदी सर्वांसाठी खुल्या असाव्यात. हिवाळी अधिवेशनात एखाद्या आमदाराने हा प्रश्न विचारावा यासाठी मी एक निवेदन तयार करतो आहे.

त्या दोनशे मीटरच्या रस्त्यावर मी अजूनही वर्षातून दोनदा, मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि ऑक्टोबरमध्ये, स्वतः जातो. पुरलेले सेन्सर बंद पडले आहेत, त्यामुळे भेगांची रुंदी आणि कडेचे खचणे पट्टीने मोजून वहीत लिहितो. विदर्भातील ज्या प्राध्यापकांकडे, बांधकाम खात्यातील किंवा पाटबंधारे विभागातील ज्या निवृत्त अभियंत्यांकडे अशा वह्या असतील, त्यांनी खाली कळवावे किंवा मला निरोप पाठवावा. निवेदनासोबत त्या सर्व वह्यांची यादी जोडायची आहे: कोणते काम, कोणत्या वर्षापासूनच्या नोंदी आणि त्या कोणत्या वर्षी थांबल्या.