‘काळी, चकचकीत आणि कुत्र्याच्या शिक्क्याची’: जुन्या रेकॉर्ड्सच्या फॉरवर्डमधलं खरं किती?

व्हॉट्सॲपवर जुन्या रेकॉर्ड्सच्या खरेदीचा एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरत असतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच. रेकॉर्ड काळी आणि चकचकीत दिसली की डोळे मिटून घ्या. चरे असतील तर टूथपेस्ट लावा. बुरशी असेल तर धुवा. वाकली असेल तर उन्हात ठेवा. लेबलवर एचएमव्हीचा कुत्रा असला की माल जुना, आणि जितकी जुनी तितकी महाग. कुठल्याही प्लेअरवर वाजते. आणि शेवटी: ऑनलाइन बघा, लाखांत जातात!

यातली दोन-तीन वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणूनच लोक फसतात. मुंबईच्या चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात या भरवशावर पैसे मोजले, तर घरी येतो तो दिसायला देखणा आणि ऐकायला नकोसा माल. एकेक दावा घेऊ.

“चकचकीत आहे ना, मग चांगलीच असणार”

चकाकीइतका फसवा पुरावा दुसरा नाही. रेकॉर्डची खरी झीज खाचेच्या भिंतींवर होते आणि एलपीची (मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणाऱ्या प्लॅस्टिकच्या रेकॉर्डची) खाच मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाएवढी रुंद. एकही चरा नसलेली रेकॉर्ड आतून पार घासलेली असू शकते. आपल्याकडे तर ही शक्यता मोठीच. साठ-सत्तरच्या दशकांत घरोघरी एचएमव्ही फिएस्टासारखे छोटे प्लेअर होते. त्यांच्या सिरॅमिक कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या डबीची) सुई रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅमचा भार टाकायची, कधी त्याहून जास्त. आजच्या चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजचा भार दीड-दोन ग्रॅम असतो. बरं, भार एकवेळ परवडला, पण सफायरची सुई पन्नासएक तासांत झिजते आणि ती वेळेवर बदलणारी घरं थोडी. झिजलेल्या सुईला कडा येतात आणि त्या खाचेची भिंत खरवडत जातात.

ही झीज आधी आतल्या भागात ऐकू येते, आणि त्याला कारण आहे. फेरे मिनिटाला तेवढेच, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर खाच सरकते, तर लेबलजवळ जेमतेम वीस सेंटिमीटर. आवाजाच्या त्याच लहरी तिथे निम्म्याहून कमी जागेत कोंबलेल्या असतात. म्हणून दुकानदाराने ‘वाजवून दाखवतो’ म्हणत पहिलं गाणं लावलं, तर शेवटचं लावायला सांगा, तेही शेवटच्या कडव्याला. ‘स’, ‘श’ थुंकल्यासारखे फुटत असतील किंवा गायिकेचा वरचा स्वर चिरत असेल, तर ती झीज आहे. धुऊन ती जात नाही.

प्लेअर नसेल तर लेबल बघा, नेमकं मधलं भोक. रेकॉर्ड लावताना मधली दांडी चाचपडत शोधली, की लेबलच्या कागदावर भोकाभोवती बारीक रेघा उमटतात. दोन-चार रेघा म्हणजे रेकॉर्ड फार वाजलेली नाही. भोकाभोवती रेघांचं जाळं होऊन कागद पांढुरका झाला असेल, तर कव्हर कितीही कोरं असो, ती रेकॉर्ड लग्नकार्यात, गणपतीत, सगळीकडे वाजून आलेली आहे.

चकाकीमागे कधी सरळ लबाडीही असते. रेकॉर्डवर तेलाचा किंवा फर्निचर पॉलिशचा हात फिरवला की बारीक ओरखडे बुजल्यासारखे दिसतात. पांढरा टिश्यू घ्या आणि लेबल व शेवटचं गाणं यांच्यामधल्या कोऱ्या पट्टीवर हलकेच दाबा. तेलकट डाग उठला तर ती तिथेच ठेवा. तेलात धूळ रुतते आणि सुईला काळा लगदा चिकटतो.

आणि रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तपासू नका. पसरलेल्या उजेडात बारीक चरे लपतात. एकच बल्ब, छोटी टॉर्च किंवा तिरकं ऊन घ्या आणि रेकॉर्ड डोळ्यांसमोर आडवी धरून सावकाश फिरवा. त्याच वेळी कड वर-खाली होते का, तेही कळतं.

“चरे टूथपेस्टने जातात”

ही युक्ती सीडीची आहे. सीडीत माहिती पारदर्शक प्लॅस्टिकच्या थरामागे असते आणि लेझर त्या थरातून आत बघतो. वरचा थर घासून गुळगुळीत केला तर कधीकधी सीडी पुन्हा चालते. रेकॉर्डमध्ये गाणं वरच कोरलेलं आहे. टूथपेस्टमधली घासणारी पूड चऱ्याची कड घासते तसंच गाणंही घासते, वर खाचेत घट्ट बसते ती वेगळीच. चऱ्यात जे प्लॅस्टिक गेलं ते गेलं.

तेव्हा कुठला चरा परवडतो ते ठरवायला शिकलेलं बरं. अंगठ्याचं नख अगदी हलकेच आडवं फिरवा. नखाला लागला, तर आवाजात लागणारच. नखाला न लागणारे, कव्हरमधून काढ-घाल करताना पडलेले केसासारखे ओरखडे बहुतेकदा ऐकू येत नाहीत.

लागणाऱ्या चऱ्याचा त्रास मोजताही येतो. ३३ १/३ च्या गतीला एक फेरा १.८ सेकंदांचा. वीस मिनिटांच्या बाजूत साधारण ६७० फेरे, ते आठेक सेंटिमीटर रुंदीत पसरलेले. म्हणजे मिलिमीटरला आठ. केंद्राकडे जाणारा एक सेंटिमीटरचा चरा ऐंशीएक खाचा कापतो आणि दर १.८ सेकंदाला ‘टक्’ अशी अडीच मिनिटं ऐकवतो. तो नेमका तुम्हाला हव्या त्या गाण्यावर आहे की नको त्या, यावर भाव करा. याउलट खाचेच्या दिशेने, गोलाईने गेलेला चरा आखूड असला तरी धोक्याचा. सुई त्यात घसरते आणि एकच ओळ घोळत बसते. तो वाजवून बघितल्याशिवाय घेऊच नये.

“बुरशी काय, धुतली की गेली”

अर्धं खरं. कोकण किनाऱ्यावरच्या किंवा मुंबईतल्या बंद कपाटातून आलेल्या रेकॉर्डवर पांढरे-करडे ठिपके असणारच. नुकती धरलेली बुरशी निघते. वर्षानुवर्षं मुरलेली असेल, तर डाग जातो आणि त्या जागी हलकी खरखर राहते. विकत घेताना दमट वासाच्या कव्हरचा भाव पाडून मागा, कारण आतला कागदी लिफाफा फेकावा लागणार आहे. धुतलेली रेकॉर्ड त्याच लिफाफ्यात परत घातली की पुढच्या पावसाळ्यात ठिपके हजर.

धुण्याची रीत विनाइलसाठी, म्हणजे एलपीच्या प्लॅस्टिकसाठी, अशी: ८०० मिली डिस्टिल्ड वॉटर, २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांडी धुण्याच्या साध्या लिक्विडचे दोन थेंब. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत वाळतात. लेबल कोरडं ठेवा. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवा, आरपार नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा खंगाळा आणि उभी ठेवून सावलीत वाळवा. नंतर नवा प्लॅस्टिकचा आतला लिफाफा.

आता फॉरवर्ड जिथे खरा घात करतो ते. हेच मिश्रण मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या गतीच्या जुन्या, जड रेकॉर्डला लावलं तर ती गेली. त्या रेकॉर्ड्स विनाइलच्या नाहीत, लाखेच्या आहेत: लाख, दगडाची पूड आणि काजळी. सुतार पॉलिशसाठी चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतो, तोच हा चपडा. अल्कोहोल लागलं की पृष्ठभाग मऊ पडतो आणि खाच पुसट होते. लाखेला फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि लिक्विडचा एखादा थेंब, आणि लगेच कोरडी करायची. दोन्हींतला फरक हातात घेताच कळतो. लाखेची जाड, जड असते आणि जराही लवत नाही. पडली तर काचेसारखी फुटते. घेताना मधल्या भोकात बोट घालून तोला आणि कडेला टिचकी मारा. तडा असेल तर आवाज फुटका येतो.

फेव्हिकॉल ओतून, वाळवून सोलण्याची युक्तीही सोबत फिरते. विनाइलवरची धूळ तिने निघते, चरा निघत नाही. दमट हवेत गोंद नीट वाळत नाही आणि सोलताना तुकडे खाचेत राहतात. लाखेच्या रेकॉर्डवर तर मुळीच नाही.

“वाकली तर उन्हात ठेवा”

नको. ऊन रेकॉर्डला सरळ करत नाही, मऊ करते, आणि मऊ झालेली रेकॉर्ड हवी तशी नव्याने वाकते. इस्त्रीचं तर बोलायलाच नको. दोन जाड, सपाट काचांमध्ये ठेवून वर काही किलो वजन, आणि मग काही आठवडे वाट. तेवढ्यानेही फरक पडेलच असं नाही. बशीसारखा एकसारखा बाक असेल आणि सुई न उडता चालत असेल, तर आहे तशी वाजवावी. कडेला एकाच जागी उंचवटा असेल तर सोडून द्यावी.

“कुत्रा आहे म्हणजे जुनी, आणि जुनी म्हणजे महाग”

कुत्र्याचं चित्र हा कंपनीचा शिक्का. भारतात तो कित्येक दशकं, लाखो रेकॉर्ड्सवर छापला गेला. त्यावरून वय कळत नाही, दुर्मीळपणा तर नाहीच. उलट एचएमव्हीचा शिक्का वापरणाऱ्या ग्रामोफोन कंपनीच्या अगदी आरंभीच्या रेकॉर्ड्सवर कुत्रा नव्हता, पिसाने तबकडीवर लिहिणारा देवदूत होता. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं, त्याच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या गेल्या. भारतात कारखाना आला तो १९०८ मध्ये.

भाव वयावर ठरत नाही. किती प्रती निघाल्या, त्यातल्या किती चांगल्या अवस्थेत उरल्या आणि आज त्या मागणारं कोण आहे, यावर ठरतो. बालगंधर्वांच्या लाखेच्या रेकॉर्ड्स अमाप खपल्या आणि घरोघरी पोलादी सुयांनी वाजल्या. त्या सापडतात, पण स्वच्छ वाजणारी सापडणं कठीण. ‘शोले’च्या संवादांची पॉलिडोर कंपनीची रेकॉर्ड इतकी खपली की आजही ढिगात हमखास हाताला लागते. दुसऱ्या टोकाला, ऐंशीच्या दशकाच्या अखेरच्या आणि नव्वदच्या सुरुवातीच्या हिंदी चित्रपटांच्या एलपी. तोवर कॅसेटने बाजार खाल्ला होता आणि एलपी मोजक्याच निघत होत्या. म्हणून कित्येकदा १९९० ची रेकॉर्ड १९५० च्या रेकॉर्डपेक्षा महाग जाते.

अपवादालाही कारण असतं. बीटल्सच्या भारतात छापलेल्या ७८ गतीच्या रेकॉर्ड्स जगभरचे संग्राहक शोधतात, कारण इंग्लंड-अमेरिकेत ती गती तोवर बंद झाली होती आणि आपल्याकडे चालू होती. मराठीत शोधायचं असेल तर मुंबईच्या यंग इंडियासारख्या छोट्या कंपन्यांची लेबलं बघा, जिथे फारसं नाव न झालेले गायक गायले आणि ज्यांची गाणी पुढे एलपीवर आलीच नाहीत. तिथे खरखर असली तरी आम्ही घेऊ.

आणखी एक: नंबर लेबलवरचा वाचा, कव्हरवरचा नाही. कव्हर एकाचं आणि आत रेकॉर्ड दुसरीच, हे रोजचं आहे. ‘गीतरामायणा’सारख्या संचात प्रत्येक तबकडी काढून क्रमाने लावून बघा.

“कुठल्याही प्लेअरवर वाजते”

लाखेच्या रेकॉर्डची खाच रुंद. तिला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी असते. ती रुंद खाचेच्या तळाशी लोळते आणि तळातली घाणच वाजवते. जुन्या प्लेअरवर सुई उलटवायची छोटी कळ असते, एका बाजूला एलपी, दुसऱ्या बाजूला ७८. ती नीट बघून लावा. आजचे बरेच टर्नटेबल ७८ ची गती देतच नाहीत.

उलटी चूक महागात पडते. चावीच्या फोनोवर (जुन्या ग्रामोफोनवर) एलपी लावली, तर त्याच्या सुई धरणाऱ्या जड साउंडबॉक्सची पोलादी सुई पहिल्याच खेपेत खाच नांगरून काढते. चोरबाजारातले पितळी कर्ण्याचे झगमगीत फोनो बहुतांशी नवे बनवलेले असतात. ते दिवाणखान्यात शोभतात. त्यावर चांगली रेकॉर्ड लावू नये.

“ऑनलाइन लाखांत जातात”

लाखांत मागितल्या जातात. डिस्कॉग्स या रेकॉर्ड्सच्या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर विक्रीचा इतिहास दिसतो: कमीत कमी, मधली आणि जास्तीत जास्त किंमत. ईबेवर ‘विकलेल्या वस्तू’ अशी चाळणी लावता येते. मागणीचा आकडा सोडा, मधली किंमत धरा, आणि तीही त्याच अवस्थेच्या रेकॉर्डची. अवस्थेच्या श्रेणींत ‘व्हीजी (व्हेरी गुड) प्लस’ म्हणजे बारीक खुणा, पण ऐकायला त्रास नाही. ‘व्हीजी’ला खरखर गृहीत धरा. नुसतं ‘गुड’ लिहिलं असेल तर ती दुर्मीळ असल्याशिवाय घेऊ नका.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागा: एकाच दिव्याखाली तिरका धरलेला फोटो, भोकाजवळचा फोटो आणि शेवटच्या गाण्याचा अर्ध्या मिनिटाचा आवाज. पाठवताना रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर, वेगळ्या लिफाफ्यात ठेवायला सांगा, नाहीतर कुरियरच्या धक्क्यांनी ती आतून कव्हरची शिवण फाडते. दोन्ही बाजूंना रेकॉर्डपेक्षा मोठे, कडक पुठ्ठे हवेत. लाखेची असेल तर चार पुठ्ठे आणि खोक्याच्या चारही बाजूंना दोन इंच थर्माकोल किंवा कागदाचे बोळे.