‘325 मीटरचा मनोरा म्हणजे उधळपट्टी’ : एका फॉरवर्डला उत्तर

फिरत असलेल्या मेसेजचा आशय असा : वारा ॲपवर लाइव्ह दिसतो, उपग्रह तो मोजतात, हवामानाचे फुगेही सोडले जातात, फार तर 80 मीटरचा मनोरा पुरे, नाहीतर लिडार-रडार ठेवा, मग ब्राझीलमधल्या मनाउस शहरापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, ॲमेझॉनच्या रानात ब्राझील-जर्मनीने हवा-वारा मोजायला 325 मीटरचा ‘ॲटो’ मनोरा उभारलाच कशाला?

‘लाइव्ह दिसतो.’ दिसतं ते मॉडेलचं गणित. ईसीएमडब्ल्यूएफ या युरोपीय हवामान-अंदाज केंद्राच्या मॉडेलची एकेक चौकट साधारण 9 किलोमीटरची. त्यात 10 मीटरवरचा वारा काढताना जमीन गवताळ आणि मोकळी धरतात, कारण तो हवामान केंद्रांच्या मोकळ्या माळावरच्या नोंदींशी ताडायचा असतो. इथे झाडंच 35 मीटरच्या आसपास. म्हणजे ॲपवरचा बाण नसलेल्या माळावरचा!

‘उपग्रह मोजतात.’ समुद्रावर, हो, पाण्याच्या खडबडीतपणावरून. रानावर ती युक्ती चालत नाही. ढगांच्या सरकण्यावरून वारा कळतो, पण ढगांच्याच उंचीचा. एओलस उपग्रह (2018–2023) लेसरने वारा मोजायचा, मात्र दाट ढगाखालचं त्यालाही दिसत नसे.

‘फुगे आहेतच.’ खरी गोम इथे आहे. नेहमीचे फुगे 00 आणि 12 यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेला), म्हणजे मनाउसच्या रात्री आणि सकाळी आठला. सकाळी आठला रात्रीचा थंड थर पुरता मोडलेला नसतो. मग ऊन तापतं, हवा घुसळली जाते आणि दुपारी दोन-तीनपर्यंत हा घुसळलेला थर एक ते दीड किलोमीटर चढतो. रात्री आठला सगळं पुन्हा निवलेलं. घडायचं ते नेमकं दोन फुग्यांच्या मधे घडून जातं. म्हणूनच 2014-15 च्या ‘गोॲमेझॉन’ मोहिमेत मनाउसजवळच्या मनाकापुरू गावापाशी दुपारचेही फुगे सोडले होते.

‘80 मीटर पुरे.’ शेंड्यांमुळे होणारी खळबळ झाडांच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट वर जाते : 70 ते 105 मीटर. तिथे उंचीनुसार वारा किती वाढतो हे सांगणारं नेहमीचं लॉगरिदमिक सूत्र लागू पडत नाही. 80 मीटरचा मनोरा त्या खळबळीतच उभा.

‘त्यापेक्षा लिडार-रडार ठेवा.’ जरूर, पण जोडीला. लेसरने वारा मोजणाऱ्या लिडारला हवेत कण लागतात. पावसाळ्यात हवा धुतली गेली की त्याचा पल्ला आखडतो. 1290 मेगाहर्ट्झच्या रडारची पहिली नोंदच शंभरेक मीटरच्या वर, आणि पावसात तो वाऱ्याऐवजी थेंबांचा पडण्याचा वेग सांगतो.

मनोऱ्याचे दोष मात्र मेसेजला सुचलेच नाहीत. सोनिक ॲनिमोमीटर (ध्वनिलहरींनी वारा मोजणारं यंत्र) सेकंदाला 10-20 नोंदी घेतो, पण मनोऱ्याच्या आडून आलेला वारा बिघडलेला असतो. त्या दिशेच्या नोंदी वगळाव्या लागतात. यंत्र धरणारा दांडा एक अंशाने झुकला, तर 5 मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात सुमारे 9 सेंटीमीटर प्रतिसेकंदाचा खोटा उभा (खाली-वर वाहणारा) वारा दिसतो. खरा सरासरी उभा वारा सहसा त्याहून कमी. म्हणून काही आठवड्यांच्या नोंदींवरून झुकाव काढून तो वजा करतात. दुरुस्तीला कुणी दांडा हलवला, की त्या तारखेपासून हिशेब नव्याने. सेन्सरवर पाणी साचलेलं असतानाच्या नोंदी सरळ बाद.